कुटुंब मेळाव्यात सगळे आपापल्याच घोळक्यात बसतात. काय करावं?

नवी_सेक्रेटरी

जय ख्रिस्त सगळ्यांना.

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कुटुंब मेळावा तोंडावर आलाय आणि या वर्षी तो माझ्या गळ्यात पडलाय. पाळकसाहेबांसमोर मी 'सेवेची संधी मिळाली' असं म्हणते, इथे खरं बोलायला हरकत नसावी.

अडचण अशी आहे. मेळावा दरवर्षी होतो, गर्दी होते, जेवणाला कोणी नाव ठेवत नाही. सकाळी उपासना, मग पाहुण्या वक्त्यांचा संदेश, सत्कार, कुटुंबांची ओळख, बक्षिसं, जेवण, आशीर्वाद, की निघाले घरी. पण नीट बघितलं तर माणसं जशी येतात तशीच परत जातात. आमच्याकडे तीन मोठी घराणी आहेत, एकमेकांत सोयरीक झालेली. ती हॉलच्या मधोमध खुर्च्या गोल फिरवून बसतात आणि त्यांचा आतल्या आत वेगळाच मेळावा रंगतो. नव्यानं यायला लागलेली जोडपी भिंतीकडेला, फोनमध्ये डोकं घालून. एक विधवा आजी आहेत, त्या दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसतात, गाडीची वाट बघत बसल्यासारख्या. गेल्या वर्षी मी मुद्दाम लक्ष ठेवलं होतं. प्रार्थनेला उभ्या राहिल्या, जेवायला उठल्या, आशीर्वाद झाला आणि निघाल्या. मधल्या वेळात त्यांच्याशी बोललं कोण, तर ताट देणारा मुलगा. तोही 'अजून काही हवंय का' एवढंच.

समितीत हे मांडलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, कार्यक्रम वाढवा. एकाला बायबल प्रश्नमंजूषा हवी आहे, एकाला दुसरा वक्ता, आणि एका भाऊंनी 'आदर्श कुटुंब' पुरस्काराचं पिल्लू सोडलंय. मला वाटतं कार्यक्रम जितका गच्च, तितका बोलायला वेळ कमी. पण असं म्हटलं की लगेच विचारतील, मग तुमच्याकडे काय आहे? आणि माझ्याकडे सध्या काहीच नाही.

ज्यांनी असे मेळावे केलेत त्यांनी सांगा. माणसं एकमेकांत मिसळतील असं नेमकं काय करता येतं? 'एकमेकांवर प्रीती करा' हे ठाऊक आहे, मला त्याच्या पुढचं हवंय.

---

पाळकीणबाई_निवृत्त

जय ख्रिस्त, ताई. आमचे हे पाळक होते, बदल्या होत राहिल्या आणि जिथे गेलो तिथे एक मेळावा वाट्याला आला. त्यामुळे या विषयावर माझं तोंड जरा जास्तच चालतं. चालवून घ्या.

तुमचं म्हणणं बरोबर आहे, कार्यक्रम वाढवून काही होत नाही. माणसांची ओळख होते ती हाताला काम असलं की. दोन अनोळखी बायांना शेजारी बसवून 'बोला' म्हटलं तर त्या मुलांची इयत्ता विचारून गप्प बसतात. त्याच दोघींना एका टेबलाशी उभं करून ताटांचा ढीग पुसायला द्या. ढीग निम्मा होईपर्यंत सासूचं आजारपण, नवऱ्याची नोकरी, कोणाचं लग्न अडलंय, सगळं बाहेर येतं.

म्हणून कामं घराण्यांना वाटू नका. आपल्याकडे काय होतं, जेवण यांच्याकडे, सजावट त्यांच्याकडे, बैठक व्यवस्था तिसऱ्यांकडे. समितीला ते सोपं जातं, एकाला फोन केला की झालं. पण मग मेळाव्याच्या आधीचे पंधरा दिवससुद्धा ती माणसं आपल्याच माणसांत राहतात. त्यापेक्षा चार-पाच जणांच्या तुकड्या करा. एक मोठ्या घराण्यातला, एक नवीन, एक म्हातारा, एक तरुण संघातला. यादी उपासनेत वाचून दाखवा आणि निरोप्याचं काम तुम्ही करू नका. 'तुमच्या तुकडीतल्यांचे नंबर घ्या आणि ठरवा' असं सांगून बाजूला व्हा. दोन तुकड्या काहीच करणार नाहीत. ते गृहीत धरा आणि प्रार्थनेची पुस्तकं वाटण्यासारखी, नाही झाली तरी चालतील अशी कामं त्यांच्याकडे द्या. कोणत्या दोन, ते तुम्हाला आधीच ठाऊक असेल.

आता त्या आजी. त्यांना दारातच बसायचंय ना, बसू द्या. समोर एक टेबल टाका आणि नावपट्ट्या लिहायचं काम द्या. आमच्या एका मंडळीत अशाच एक बाई होत्या, कायम शेवटच्या बाकावर. अक्षर मात्र मोत्यासारखं. मी त्यांच्या हातात जाड मार्कर दिला. येणाऱ्या प्रत्येकाला त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, 'ऱ्हस्व की दीर्घ?' सुनीता असो नाहीतर प्रवीण, उत्तर मिळाल्याशिवाय पेन टेकायचं नाही. मागे रांग लागली, तरुण पोरं वैतागली, एकानं तर 'मावशी, काहीही लिहा' म्हणून हात जोडले. पण जेवणाच्या वेळेपर्यंत हॉलमधला प्रत्येक माणूस त्यांना नावानं ठाऊक झाला होता आणि त्यांचं नाव 'ऱ्हस्वदीर्घ मावशी' पडलं होतं. पुढे त्या आजारी पडल्या तेव्हा भेटायला कोण कोण गेलं, तर ज्यांनी त्या रांगेत ताटकळत शिव्या घातल्या होत्या तीच पोरं.

एक सूचना. नावपट्टीवर फक्त पहिलं नाव, मोठ्या अक्षरात. आडनाव नको. आडनाव दिसलं की 'तुम्ही अमक्यांचे कोण?' सुरू होतं, आणि ज्याचं तिथे कोणीच नाही त्याचं बोलणं तिथेच संपतं.

बसायचं म्हणाल तर जेवणाच्या वेळेपुरती टेबलं जन्ममहिन्याप्रमाणे लावा. जानेवारीवाले इथे, फेब्रुवारीवाले तिथे. माणसं कमी असतील तर दोन महिने एकत्र. लहान मुलं आईबरोबर, बाकी नवरा-बायको वेगळे, भाऊ-भाऊ वेगळे. कुरकुर होईल. पण जन्ममहिना कोणी निवडलेला नसतो, त्यामुळे 'मला मुद्दाम तिकडे बसवलं' असं म्हणायला जागा राहत नाही. दिवसभर ताटातूट करू नका, लोक रुसतात. फक्त जेवणापुरती.

आणि हे दुखणं तुमच्याच मंडळीचं आहे असं समजू नका. करिंथच्या मंडळीला हेच झालं होतं. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीत, आपण पौलाच्या पत्रातला १ करिंथ ११ वाचतो, पण बहुतेक वेळा २३व्या वचनापासून. त्याच्या आधीची १७ ते २२ घरी बसून वाचा. ज्यांच्याकडे आहे ते आपापलं आणून आधीच खाऊन मोकळे, एक उपाशी आणि एक पिऊन तर्र. त्या काळच्या सुखवस्तू घरात जेवणाच्या खोलीत तीन बैठका असायच्या, एकेकीवर तिघं लवंडून बसायचे, म्हणजे झाले नऊ. उरलेले बाहेर चौकात. काही अभ्यासकांच्या मते करिंथमध्ये नेमका हाच घोळ होता, यजमानाच्या बरोबरीचे आत आणि काम आटोपून उशिरा येणारे मजूर, गुलाम बाहेर. पौल चांगला खडसावतो, पण शेवटी ३३व्या वचनात उपाय सांगतो तो एका ओळीचा. जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. बस. हे तुम्ही जसंच्या तसं राबवू शकता. शेवटच्या टेबलावर ताट पोचल्याशिवाय पहिल्या टेबलानं घास उचलायचा नाही, आणि पाळक, चर्चचे पंच, समिती यांची ताटं सगळ्यात शेवटी. एकदा करून बघा, जेवण वाढायचा वेग आपोआप वाढतो.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ६ पण बघा. पहिल्या मंडळीत तक्रार हीच, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जातंय. प्रेषितांनी 'असं काही नाही' म्हणून तक्रार झटकली नाही. सात माणसं निवडायला लावली. स्तेफन, फिलिप्प पासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बायाबापड्या उपाशी राहत होत्या, वाटणी बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती गेली. आता सांगा, त्या भिंतीकडेच्या जोडप्यांपैकी तुमच्या समितीत कोण आहे? कोणीच नसेल तर नावपट्ट्या, टेबलं सगळं नंतर. आधी त्यांच्यातलं एक जोडपं समितीत घ्या.

बाकी किरकोळ. वक्ता एकच. सत्कार उपासनेतच उरका. कुटुंबांची ओळख वडिलांना करू देऊ नका, माईक हातात आला की ते आजोबांच्या बाप्तिस्म्यापासून सुरू करतात. घरातल्या सगळ्यात लहान बोलणाऱ्या पोराला द्या. 'हे माझे पप्पा, हे उपासनेत झोपतात' अशी ओळख मी स्वतः ऐकली आहे. ते पप्पा त्या वेळी पंच होते.

---

तिसरी_खुर्ची

पाळकीणबाईंचं जवळजवळ सगळं पटलं. पण शेवटच्या सूचनेवर बोलायलाच हवं. घरातल्या लहान पोरानं ओळख करून द्यायची, तर ज्यांच्या घरात पोर नाही त्यांनी काय करायचं? टाळ्यांची वेळ आली की बाहेर पाणी प्यायला जायचं?

मी मुलीला घेऊन येते. नवरा ख्रिस्ती विश्वासात नाही, माझ्या येण्याला त्याची ना नाही, पण तो येत नाही. आधी ज्या मंडळीत होते तिथल्या मेळाव्याचं निमंत्रण 'श्री. व सौ.' अशा छापील पाकिटातून यायचं. एका वर्षी 'आदर्श कुटुंब' स्पर्धा ठेवली होती. निकष काय, तर सगळं कुटुंब रविवारी एकत्र येतं का, घरात कौटुंबिक प्रार्थना होते का, सगळ्यांचा बाप्तिस्मा झालाय का. माझी मुलगी तेव्हा लहान होती. घरी येऊन तिनं विचारलं, 'आपल्याला शून्य मार्क ना?' आम्ही पुढच्या वर्षी गेलो नाही आणि कोणी विचारलंही नाही. ताई, तो पुरस्कार कसंही करून हाणून पाडा. समिती ऐकत नसेल तर हा मजकूर वाचून दाखवा, माझी परवानगी आहे.

'कुटुंब मेळावा' म्हटलं की एकटी राहणारी माणसं, लग्न न झालेले, घटस्फोट झालेले, माझ्यासारख्या अर्ध्या, हे सगळे मनातल्या मनात आपलं नाव खोडून टाकतात. खरं तर वधस्तंभावरून येशूनं आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं, योहान १९ मध्ये, ते काय होतं? रक्ताचं नातं नसलेलं एक घर त्यानं तिथल्या तिथे उभं केलं. आणि पौलानं रोम १६ मध्ये रूफसच्या आईला सलाम सांगताना ती माझीही आई आहे असं लिहिलंय. त्या बाईचं नावसुद्धा आपल्याला माहीत नाही, पण पौल तिच्या घरी जेवला असणार एवढं नक्की वाटतं.

दोन कामाच्या गोष्टी. निमंत्रण व्यक्तीच्या नावानं द्या, 'आपण आणि आपल्या घरातले जे येऊ शकतील ते' अशा शब्दांत. 'सहकुटुंब' छापू नका. आणि फोटो ग्रुपवर किंवा फेसबुकवर टाकायच्या आधी विचारा. काही जण घरी न सांगता येतात. एका फोटोमुळे एखादीचं येणं बंद होऊ शकतं. नावपट्टीवर एक लाल ठिपका पुरतो, ठिपका म्हणजे फोटो नको.

---

वडील_सभासद

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. चर्चा वाचली. टेबलं, नावपट्ट्या, ठिपके, सगळं ठीक आहे. पण वचन कुठे आहे? कृत्ये २:४२ मध्ये क्रम स्पष्ट आहे. प्रेषितांचं शिक्षण पहिलं, मग सहभागिता, मग भाकर मोडणं, मग प्रार्थना. आपण सहभागितेच्या नावाखाली शिक्षणाला कात्री लावतो आणि खेळ, गमतीजमती वाढवतो. हसणं-खेळणं करायला क्लब आहेत. विश्वासी लोक एकत्र जमतात ते कशासाठी, हे पहिल्यांदा ठरवा.

दुसरं, जेवण उपासनेच्या जागेत नको. आमच्याकडे हॉल नाही म्हणून बाक सरकवून तिथेच जेवण वाढलं गेलं होतं. मला ते रुचलं नव्हतं आणि तसं मी लेखी दिलं होतं.

---

जुनं_पान

वडील_सभासद, तुमच्या बाजूनं पुरावा आहे. चौथ्या शतकातल्या लावदिकियाच्या परिषदेनं २८वा नियम केला की प्रीतिभोजनं, म्हणजे विश्वासी लोकांची एकत्र जेवणं, चर्चमध्ये करू नयेत, देवाच्या घरात खाऊ नये, बैठका मांडू नयेत. पण नियम करावा लागला याचा अर्थ लोक सर्रास तसं करत होते, हेही त्यातूनच कळतं. :)

गंमत म्हणजे त्याआधीचे उल्लेख वाचले तर शिक्षण, जेवण आणि गाणं यांची सरमिसळच दिसते. ११२ च्या आसपास बिथुनिया या रोमी प्रांताचा राज्यपाल प्लिनी यानं सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. पकडलेल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला काय सांगितलं, तर आम्ही ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतो, ख्रिस्ताला देव मानून गीत म्हणतो, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतो, मग पांगतो आणि पुन्हा जेवायला एकत्र येतो. जेवण साधं, कोणाला त्रास न होणारं. प्लिनीनं गुप्त कट शोधायला सुरुवात केली आणि हाती लागलं ते हे.

पुढे १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन प्रीतिभोजनाचं वर्णन करतो. जेवणाआधी प्रार्थना, भूक भागेल इतकंच खाणं. जेवण झालं, हात धुतले, दिवे आणले की एकेकाला पुढे बोलावायचं आणि त्यानं शास्त्रातून किंवा स्वतःच्या मनातून देवाचं गीत गायचं. कोणी किती प्यायलंय हेही त्यावरून कळतं, असं तो बिनदिक्कत लिहितो. शेवटी पुन्हा प्रार्थना. म्हणजे बक्षीस समारंभाच्या जागी काय ठेवता येईल, याचं उत्तर अठराशे वर्षांपूर्वीच तयार होतं.

आणि नवी_सेक्रेटरी, तुमच्या तीन घराण्यांसाठी जर्मनीतल्या हेर्नहूट गावाची गोष्ट. झिंझेन्डॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर मोराव्हियातून आलेले निर्वासित आणि इतर पंथांचे लोक एकत्र राहत होते आणि आपापसात कडाक्यानं भांडत होते. १७२७ च्या मे महिन्यात सगळ्यांनी मिळून राहण्याचे नियम मान्य केले, आणि १३ ऑगस्टला बर्थेल्सडॉर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाची उपासना झाली. ती संपल्यावर लोकांचा पाय निघेना. लहान लहान गट तिथेच बोलत राहिले, तेव्हा झिंझेन्डॉर्फनं त्यांच्यासाठी खाणं पाठवलं. मोराव्हियन लोकांची प्रीतिभोजनाची प्रथा तिथून सुरू झाली. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं ती त्यांच्याकडून घेतली. मेथडिस्टांच्या प्रीतिभोजनात खायला नुसती भाकर आणि पाणी, मुख्य भाग साक्षीचा, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगण्याचा. कोणीही उठून बोलावं, बायकांनीसुद्धा, आणि त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

मला यात आवडतं ते हे, की हेर्नहूटमध्ये जेवण कार्यक्रमपत्रिकेवर नव्हतंच. लोक थांबले म्हणून आलं. तुमच्या पत्रिकेत आशीर्वादानंतर तासभर कोरा ठेवा आणि हॉलची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला आधीच सांगून ठेवा की दिवे घालवायची घाई करायची नाही.

---

पाळकीणबाई_निवृत्त

तिसरी_खुर्ची, घरानुसार ओळख नकोच मग. टेबलानुसार करा. जेवण झाल्यावर प्रत्येक टेबलानं आपल्यातल्या एकाची ओळख करून द्यायची, स्वतःची नाही आणि स्वतःच्या घरच्याचीही नाही. म्हणजे जेवताना एकमेकांना विचारावंच लागतं. तुमच्या लेकीला मार्क देणारे मला भेटायला हवे होते.

वडील_सभासद, वचनाला कात्री लावा असं मी म्हटलेलं नाही, दुसऱ्या वक्त्याला लावा म्हटलं. संदेश एकच असू द्या पण तो व्यासपीठावर संपू देऊ नका. पाळकांनी शेवटी एक प्रश्न द्यावा आणि जेवताना प्रत्येक टेबलावर त्याच्यावरच बोलणं व्हावं. प्रश्न 'आपण विश्वासात कसे वाढू?' असला नको, त्यावर सगळे ठरलेलं उत्तर देतात आणि भाताकडे वळतात. एका वर्षी आमच्या ह्यांनी विचारलं होतं, 'तुम्ही या मंडळीत पहिल्यांदा आलात त्या दिवशी तुमच्याशी आधी कोण बोललं?' वचन इब्री १०:२४-२५ होतं. जन्मापासून त्याच चर्चमध्ये असलेल्यांना उत्तरच सुचेना, कारण त्यांच्यावर ती वेळच आली नव्हती. आणि नवीन लोकांनी जी नावं घेतली ती ऐकून पंच मंडळी एकमेकांकडे बघत राहिली. दोन जणांनी शिपायाचं नाव घेतलं होतं. तो त्या वेळी मागे खुर्च्या मोजत होता.

हा प्रश्न तुमच्याकडे चालेल, ताई. शिक्षण पण झालं आणि सहभागिता पण. क्रम वडील_सभासदांनी सांगितला तोच.

---

पेटीवाला

संगीताच्या बाजूनं दोनच शब्द. जेवणाच्या वेळी कीबोर्ड, ड्रम, स्पीकर सगळं बंद. तरुण संघाला 'हळू आवाजात पार्श्वसंगीत' हवं असतं, आणि हळू आवाज ही गोष्ट त्यांना जमत नाही. मागच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांना शेजारी काय बोलतोय ते ऐकू येत नाही, मग ते नुसते हसून मान हलवतात आणि उठून जातात.

जेवणानंतर गाणं असेल, जुनं_पान म्हणतात तसं, तर स्टेजवरून नको. टेबलावरूनच कोणीतरी सुरू करावं. सगळ्यांना पाठ असलेली गीतं घ्या, प्रोजेक्टर लावू नका. प्रोजेक्टर लागला की सगळ्यांची तोंडं पुन्हा एका भिंतीकडे. सूर लागो न लागो, पेटी मी मागून धरतोच.

मुलांचं कोणी बोललं नाही. शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, शिक्षिकांना दिवसभर मुलं सांभाळायला ठेवलं तर त्यांचा मेळावा होतच नाही. तासातासाच्या पाळ्या लावा, खोलीत कायम दोन मोठी माणसं, ती दोघं एकाच घरातली नकोत. मूल कोणी आणून सोडलं, कोण घेऊन गेलं, याची वही ठेवा. ओळखीचं चर्च आहे, वही कशाला, असं कोणीतरी म्हणेलच. तरी ठेवा.

---

नवी_सेक्रेटरी

काय सांगू, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल मीटिंग झाली. थोडक्यात सांगते.

'आदर्श कुटुंब' गेलं. तिसरी_खुर्चीचा मजकूर मी वाचून दाखवला. 'आपल्याला शून्य मार्क ना' हे वाक्य झाल्यावर ज्या भाऊंनी पुरस्कार सुचवला होता त्यांनीच 'राहू द्या' म्हटलं. एका नवीन जोडप्याला समितीत घेतलं. त्यातला नवरा मोठ्या कंपनीत कॅन्टीनची व्यवस्था बघतो, हे कोणाला माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी आम्ही वाढप कोणाला जमेल म्हणून डोकं फोडत होतो तेव्हा तो भिंतीकडेला बसलेला होता.

दुसरा वक्ता रद्द. प्रश्नाची कल्पना पाळकसाहेबांना एवढी आवडली की आता ती त्यांचीच झाली आहे. होऊ द्या. कामाच्या तुकड्यांची यादी येत्या रविवारी वाचणार आहेत.

अडलंय ते जन्ममहिन्यावर. तीन घराण्यांतल्या एक मोठ्या काकू आहेत, त्यांनी सरळ सांगितलं, 'माझ्या सुना माझ्याजवळ बसतील.' सुना तिथेच होत्या. त्यातली एक माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की तिचा महिना कुठलाही असो, ती टेबलाच्या बाजूनं आहे हे मला कळलं. पण काकूंना कसं समजवू? आणि आजींना विचारलं नावपट्ट्यांचं. त्या म्हणाल्या, 'पेन जाड आणा, मला बारीक दिसत नाही.' म्हणजे हो ना?

---

पाळकीणबाई_निवृत्त

म्हणजे हो.

काकूंना समजवायला जाऊ नका, त्यांना टेबलांची प्रमुख करा. प्रत्येक टेबलावर शेवटचं ताट पोचलं की नाही हे फिरून बघायचं आणि मग प्रार्थनेला पाळकांना खूण करायची. त्यांच्या खुणेशिवाय जेवण सुरू होणार नाही असं सगळ्यांसमोर जाहीर करा. एकदा हॉलभर फिरायला लागल्या की सुना कुठे बसल्या आहेत ते बघायला त्यांना सवड होणार नाही.

---

तिसरी_खुर्ची

नावपट्ट्या पिनेच्या घेऊ नका, चांगल्या कपड्यांना भोकं पडतात आणि मग बायका त्या पर्सला लावतात. मागे चिकटणाऱ्या मिळतात त्या आणा. लाल ठिपके वेगळे विकत घ्यायची गरज नाही, आजींकडे लाल पेनही देऊन ठेवा. फोटोचं त्यांनीच दारात विचारावं. ऱ्हस्व की दीर्घ विचारणार आहेतच, त्यात एक प्रश्न आणखी.